नकाशा संपतो तिथलं दार

फुलवाती, कोथिंबीर आणि फ्लॉपीचं खोकं असं सामान एकाच पिशवीतून घरी आणणारी बाई त्या काळी सबंध मल्लेश्वरममध्ये सौम्या एकटीच असावी. फुलवाती आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आठव्या गल्लीच्या, कोपऱ्यावरच्या म्हातारीकडच्या, कोथिंबीर बाजारातली, आणि फ्लॉप्या किरणकुमारच्या दुकानातल्या. किरणकुमार तिच्या नवऱ्याचा मित्र; नवरा घरी कॉम्प्युटरवर एक गेम लिहीत होता. त्याच्या दुकानात पुढं कॅसेटी असत आणि मागं कॉम्प्युटरचे सुटे भाग. खोकं हातात देताना त्यानं नेहमीचाच प्रश्न विचारला, गेममध्ये बंदूक आली का वहिनी? नाही, ती म्हणाली. राक्षस? तोही नाही. गुण तरी मिळतात की नाही? तेही नाही म्हटल्यावर त्यानं कपाळाला हात लावला.

"रिकाम्या घरात दिवा घेऊन नुसतं हिंडायचं, म्हणजे हा गेम नव्हे वहिनी. ही भाड्याची खोली बघायला गेल्यासारखी गत झाली."

सौम्या हसली. उत्तरं तिला सुचत, पण साधारण घरी पोचल्यावर.

डिसेंबरातली संध्याकाळ होती. सत्त्याण्णव साल. बेंगळुरूची थंडी अंगावर येत नाही, हळूच बाजूला येऊन बसते. सौम्या मूळची बेळगावची. लग्न होऊन अजून वर्ष व्हायचं होतं, पण या गावची ही खोड तिला कळून चुकली होती. पावलं उचलत ती घराकडं निघाली, कारण दिवे लागायच्या आत फाटकापाशी पोचणं हे तिचं रोजचं काम होतं.

फाटकापाशी तिचे सासरे उभे होते. रघुनंदनराव. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. पांढरं धोतर, वर तपकिरी स्वेटर, हातात छत्री. पायांत चपला चढवून झाल्या होत्या.

"मागचं दार उघडायचं राहिलंय," ते तिला म्हणाले. "उघडून आलोच."

"सरी अण्णा," सौम्या म्हणाली, म्हणजे बरं. पिशवी जिन्याच्या पायरीवर ठेवली आणि त्यांच्याबरोबर चालू लागली.

तर हे मागचं दार कुठलं, ते आधी सांगायला हवं.

अण्णांचं स्वतःचं घर पंधराव्या क्रॉसला होतं. लाल ऑक्साइडची गुळगुळीत जमीन, मधल्या खोलीत झोपाळा, मागं स्वयंपाकघर आणि त्यामागं परस. सौम्यानं ते पाहिलं नव्हतं. ती सून होऊन येण्याआधीच ते विकलं गेलं, पाडलं गेलं, आणि तिथं फ्लॅट उभे राहिले. आता अण्णा, त्यांचा मुलगा हयवदन आणि सौम्या एका जुन्या बंगल्याच्या वरच्या भागात भाड्यानं राहत होते.

घर विकायचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोलत नसे. दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवायचं आणि मागचं लावून घ्यायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. पुढून लक्ष्मी आत येते, आणि मागचं दार उघडं राहिलं तर तिकडून निघून जाते. बेळगावला सौम्याच्या माहेरीही तेच, आणि इथं पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखात राहिलेल्या या घरातही तेच. अण्णा गणिताचे प्राध्यापक होते, पण देवापुढचा दिवा तेच लावत, आणि त्याआधी मागच्या दाराची कडीही तेच घालत. तीन वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी त्यांनी ती तशीच घातली, सवयीनं, न बघता. दिवा लावला, घंटा वाजवली, स्तोत्र म्हणायला बसले. उजव्या कानानं त्यांना आधीपासूनच ऐकू येत नसे.

पद्मावती, म्हणजे घरातल्यांची अम्मा, परसात दोरीवरचे कपडे काढत होती.

नंतर शोधाशोध झाली तेव्हा ती उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेली सापडली. मांडीवर वाळलेले कपडे, घडी घातलेले. हृदयानं दगा दिला होता. डॉक्टर म्हणाले, आत असत्या तरी हेच झालं असतं. ते सगळ्यांनी ऐकलं, अण्णांनी नाही ऐकलं. कारण घर पाडायच्या आधी दार उतरवलं, तेव्हा त्याच्या बाहेरच्या अंगाला, कडीच्या उंचीवर, लाकडात हिरव्या बांगडीचा तुकडा रुतलेला त्यांनी पाहिला होता.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते निघत. फ्लॅटपाशी पोचले की फाटकाच्या आत बघत उभे राहत. तिथला वॉचमन भला होता. "ओळगे बन्नी सार," म्हणून त्यांना आत स्टुलावर बसवी. जिथं परस होता तिथं आता स्कूटरी लावलेल्या असत. सौम्या थोडा वेळ थांबे, मग म्हणे, चला अण्णा, सार निवेल. परतीच्या वाटेवर ते मोगऱ्याचा गजरा घेत, पद्माला आवडतो म्हणून. घरापर्यंत येता येता कुणासाठी घेतला ते विसरत आणि सुनेच्या हातात देत. हेतू हरवला तरी गजरा वाया जात नसे. लग्नानंतर इतके गजरे नवऱ्यानं आणले नव्हते, हेही खरं.

पण मागल्या आठवड्यात संपिगे रोडवर एक बस अण्णांच्या छत्रीला घासून गेली. छत्रीची काडी मोडली. मैसूरहून हयवदनच्या मोठ्या बहिणीचा, वनजाक्काचा फोन आला. मैसूरजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक आश्रम आहे, मी जागा बोलून ठेवलीय, येत्या रविवारी गाडी घेऊन येते, असं ती म्हणाली. तिथं झाडं आहेत, भजन असतं. आणि मग हळू आवाजात, कुंपण आहे. हयवदन फोनवर "बघू" म्हणाला. या घरात बघू याचा अर्थ हो असा होता, हे सौम्याला एव्हाना समजलं होतं.

तिला कुणी विचारलं नाही. नव्या सुनेला विचारायची पद्धत नव्हती, आणि विचारल्यावाचून बोलायची तिला सवय नव्हती. ती गजरे देवापुढच्या ताटलीत ठेवत राहिली, इतकंच.

हयवदन दिवसा पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात धातू कापणाऱ्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिही आणि संध्याकाळी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर गेम. गेममध्ये एका घरात एकट्यानं फिरायचं, हातात दिवा, वेळ कायम तिन्हीसांजेची. त्या कॉम्प्युटरला लांबचं काही रंगवायची ताकद नव्हती, म्हणून दोन हातांपलीकडं सगळं काळोखात विरून जाई. बघणाऱ्याला वाटे, काय योजना केलीय भीतीची. खरं तर तो गरिबीचा अंधार होता. आवाजांनाही पैसे नव्हते. सौम्यानं स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर ठेवून काडी ओढल्याचा, नळ ठिबकण्याचा, स्वतःच्या बांगड्यांचा आवाज भरून दिला होता.

चित्रंही तिचीच. हयवदनला सरळ रेघ जमत नसे. पण पडद्यावर चौकटी आणि चौकटीत ठिपके बघून सौम्या पहिल्याच दिवशी म्हणाली होती, ही तर ठिपक्यांची रांगोळी. लहानपणापासून अंगणात घातलेली ती विद्या इथं कामी आली. तो डोळे मिटून सांगे, जमीन कशी होती, खांबाला कुठं चीर होती, आणि ती ठिपक्या ठिपक्यानं भरत जाई. नकाशात कुठल्या चौकटीत भिंत ठेवायची, कुठं दार, तेही तिला येऊ लागलं. हे घर कुठलं ते दोघांपैकी कुणी बोललं नाही. पण इतर मुली सासरचा उंबरठा ओलांडून घर पाहतात, आणि सौम्यानं आपलं सासर बाणांची बटणं दाबून पाहिलं. त्यात सासू तेवढी नव्हती.

गुरुवारी दुपारी ती खुर्चीत बसली. भिंतीत कुठं अडकायला होतं का, हे तपासायचं काम तिच्याकडं असे. अण्णा आतल्या खोलीत झोपले होते. बाहेर ढगाळ, तरी काचेवर उजेड नको म्हणून तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिवा हलला, लाल जमीन पुढं सरकली. झोपाळा गेला. स्वयंपाकघर आलं. मधेच कुठं बांगड्या वाजत, त्या तिच्याच. आपणच आपल्याला घाबरवायचं, आणि तेही फुकट, असं तिच्या मनात आलं.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी येऊन ती थांबली. पुढं जायला वाटच नव्हती.

भिंतीपलीकडून कुणीतरी ठोठावलं.

जोरात नाही. आत माणसं आहेत, कुणीतरी येईलच, अशा खात्रीनं ठोठावतात तसं. मग बांगड्या वाजल्या. या तिच्या नव्हत्या. काचेच्या बांगड्या सोन्याच्या पाटल्यांवर आपटल्या की एक जड, दबका नाद येतो. सौम्याच्या पाटल्या लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातच बँकेत गेल्या होत्या. टेपमध्ये तो आवाज यायचं कारणच नव्हतं.

आणि खोलीत वास आला. उन्हात वाळलेल्या सुती कपड्यांचा, दोरीवरून नुकत्याच काढलेल्या. आठवडाभर ऊन पडलं नव्हतं.

तिनं बटणावरून हात काढला. पुन्हा ठोठावलं. जरा हळू. मग थांबलं.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, स्वयंपाकघराच्या मागं कुठला आवाज ठेवलाय?"

"कुठं मागं?"

"मागच्या भिंतीपाशी. कुणीतरी... ठोठावतं."

हयवदननं मान हलवली. "तिथं काही नाही. तिथं नकाशा संपतो."

स्पीकर स्वस्तातले आहेत, कधीकधी रेडिओ पकडतात, असंही तो म्हणाला. आवाज मोठा करून त्यानं स्वतः भिंतीशी जाऊन ऐकलं. नुसती घरघर. सौम्या मागं उभी राहून बघत होती. बघता बघता तिला ते दिसलं, आणि इतके दिवस कसं दिसलं नाही याचं नवल वाटलं.

"या घराला मागचं दार का नाही?"

"आहे की," तो म्हणाला, आणि पडद्याकडं बघत राहिला.

भिंत होती. तिनंच ठिपक्यांनी भरलेली, त्यानंच सांगितलेली.

मग तो सांगू लागला. लहानपणी तो बाहेर खेळून परत येई तो पुढच्या दारानं, दिवे लागल्यावर. तेव्हा मागचं दार लावलेलं असे. त्याच्या डोळ्यांपुढं तिन्हीसांजेचं घर आलं की त्यात मागं दार नसेच, भिंतच असे. सगळं घर त्यानं तिन्हीसांजेचंच आठवून काढलं होतं. "उद्या घालतो," तो म्हणाला.

शुक्रवारी त्यानं नकाशा उघडला. त्या चौकटीवर खूण नेऊन ठेवली. सौम्यानं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली, तरी खूण तिथंच लुकलुकत होती. मग त्यानं नकाशा बंद केला आणि छतावरची कौलं नीट करत बसला. मुलाच्याही मनात ते दार लावलेलंच होतं, एवढं तिला कळलं.

शनिवारी सकाळी हयवदननं वडिलांची पिशवी भरली. धोतरं, स्वेटर, जपाची माळ. ती दाराआड ठेवून तो कारखान्यात गेला. यंत्र पाठवायचं होतं, यायला उशीर होणार होता. दुपारभर अण्णा त्या पिशवीच्या आसपास हिंडले, पण कुणाची म्हणून विचारलं नाही. गणिताचा माणूस. उत्तर काढता येत असलं की विचारत नाही.

संध्याकाळी धुकं उतरलं. रस्त्यावरचे दिवे लोकरीत गुंडाळल्यासारखे दिसू लागले. सौम्यानं स्वयंपाकघराचं मागचं दार लावलं. या घराला ते लोखंडी जिन्यावर उघडायचं. कडी घातली, देवापुढं फुलवात पेटवली, आणि बाहेर आली तो अण्णा चपला घालून उभे.

"मागचं दार..."

"अण्णा," ती म्हणाली. कुणी न विचारता बोलायची ही तिची या घरातली पहिलीच खेप. "आज बाहेर नको. घर इथंच आहे. दाखवते."

त्यांनी तिच्याकडं मायेनं, जरा दयेनं पाहिलं. "हे भाड्याचं, बाळ."

"हे नव्हे. आपलं."

तिनं त्यांना खुर्चीशी नेलं. पडद्यावर लाल जमीन उजळली. अण्णा बघत राहिले. मग वाकले, पायांतल्या चपला काढल्या, खुर्चीच्या पायाशी एका बाजूला नीट जोडून ठेवल्या, घरात शिरताना ठेवतात तशा. आणि मगच बसले.

बाणांची बटणं तिनं एकदाच दाखवली. एका बोटानं ते चालू लागले, सावकाश, प्रत्येक पावलाला थांबत. इथं खुंटीवर माझा कोट असायचा, असं म्हणाले. इथं हयवदन पडला होता, हनुवटीला खोक. झोपाळ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, याची एक कडी कुरकुरायची.

झोपाळा कुरकुरला.

तो आवाज सौम्यानं भरला नव्हता. या भाड्याच्या घरात झोपाळा नव्हताच.

अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. ते स्वयंपाकघरात गेले, मागच्या भिंतीशी, आणि बोट उचललं. खाली रस्त्यावरून रिक्षा गेली, तिचा आवाज धुक्यात बुडाला. मग ते आलं. ठक... ठक. आणि पाटल्यांवरच्या बांगड्या.

अण्णांनी मान कलती केली. उजवा कान पुढं केला, बिघडलेला.

"ऐकतेस?"

"हो," सौम्या म्हणाली. "ऐकते."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. गेल्या तीन वर्षांत त्यांना सगळ्यांनी समजावलं होतं, धीर दिला होता, औषधं दिली होती. हो कुणी म्हटलं नव्हतं.

"मग दार कुठाय?"

सौम्यानं गेम थांबवून नकाशा उघडला. ती चौकट शोधायला तिला वेळ लागला नाही. भिंत काढायची, दार ठेवायचं, रांगोळीतला एक ठिपका पुसून दुसरा ठेवावा इतकंच काम. पण बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. देवापुढं वात जळत होती. लहानपणी एकदा तिनं या वेळी मागचं दार उघडलं होतं आणि आईनं, एरवी कधी हात न उगारणाऱ्या आईनं, पाठीत धपाटा घातला होता. काही गोष्टी डोक्यात नसतात, पाठीत असतात.

घरातली लक्ष्मी बाहेर जाऊ नये म्हणून दार लावतात. आणि घरातली लक्ष्मी बाहेरच राहिली असली तर? असं कुठल्या कहाणीत तिनं ऐकलं नव्हतं. विचारायला कुणी मोठी बाईही घरात नव्हती. जी होती ती ठोठावत होती.

तिनं भिंत काढली. दार ठेवलं. गेम पुन्हा सुरू केला.

अण्णा पुढच्या दारानं शिरले, झोपाळ्यावरून, स्वयंपाकघरातून, आता न थांबता. भिंतीच्या जागी दार होतं, तिनं घाईत भरलेलं, जरा वाकडंच. ते कसं उघडायचं हे तिनं सांगायच्या आत त्यांनी ते उघडलं.

पलीकडं काही नव्हतं. नकाशा संपला होता. नुसता काळोख, आणि त्या काळोखातून उन्हात वाळलेल्या कपड्यांचा ऊबदार वास खोलीभर पसरला.

"ये," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता, बाजारातून आलेल्या माणसाशी बोलावं तसा. "स्वल्प उशीर झाला... माझ्याकडून."

जोडव्यांचा आवाज आला. गुळगुळीत जमिनीवर बाईमाणूस चालतं तसा, टक, टक. आधी एका स्पीकरमधून. मग दोन्हींतून.

आणि वीज गेली.

सबंध रस्त्याची गेली. पडदा आक्रसून एक पांढरा ठिपका झाला आणि तोही विझला. कॉम्प्युटरची घरघर थांबली. सौम्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली, कारण पावलं थांबली नव्हती.

पावलं जवळ आली. अण्णांच्या खुर्चीपाशी क्षणभर रेंगाळली. मग तिच्या आणि खुर्चीच्या मधून गेली, आणि जाताना सौम्याच्या दंडाला कापड लागलं. सुती, कोरडं, ऊन लागलेलं. ओरडावं असं तिला वाटलं, पण भीतीच्या तळाशी एक वेगळीच जाणीव होती. नवी सून म्हणून वाटेत उभं राहू नये, जरा बाजूला सरावं. ती सरली.

देवापुढची वात वाकली, जवळून माणूस गेल्यावर वाकते तशी. मग सरळ झाली आणि आधीपेक्षा मोठी जळू लागली.

अंधारातून अण्णा म्हणाले, "आता दार लाव, बाळ. डास येतात."

कुठलं दार, हे तिला कळेना. वातीच्या उजेडात ती स्वयंपाकघरात गेली. लोखंडी जिन्यावरचं मागचं दार, ज्याला तिनं स्वतःच्या हातानं कडी घातली होती, सताड उघडं होतं. बाहेर धुकं होतं, दुसरं काही नव्हतं. तिनं ते लावलं, कडी घातली, आणि पुन्हा एकदा ओढून बघितली.

हयवदन परत आला तेव्हा वीज आली होती, आणि अण्णा सारभात खात होते. सारात मीठ कमी आहे, म्हणाले. तीन वर्षांत त्यांनी मिठाबद्दल तक्रार केली नव्हती. चपला खुर्चीच्या पायाशी तशाच होत्या. त्या रात्री ते बाहेर गेले नाहीत.

रविवारी वनजाक्का गाडी घेऊन आली. अण्णांनी तिला तिच्या मुलांबद्दल नावं घेऊन विचारलं, धाकट्याचं गणित कसं आहे तेही विचारलं. मग दाराआडची पिशवी स्वतः उचलली, तिच्यातला स्वेटर काढून अंगात घातला आणि पिशवी रिकामी करून खुंटीला लावली. दिवेलागण झाली, तरी त्यांनी चपला घातल्या नाहीत. वनजाक्का भावाकडं बघत होती. भाऊ बायकोकडं. सौम्या कोथिंबीर निवडत होती.

"राहू दे त्यांना इथं," ती मान वर न करता म्हणाली. "संध्याकाळी मी असते."

गाडी मैसूरला रिकामी गेली.

मग तिनं हयवदनला सगळं सांगितलं. तो कॉम्प्युटर लावून बसला आणि नकाशा उघडला. त्या चौकटीत भिंत होती. साहजिकच होतं. केलेला बदल साठवून ठेवायचं बटण वेगळं असे आणि ते दाबायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. वीज गेली तशी तिनं ठेवलेलं दारही गेलं. हयवदननं गेम सुरू करून पाहिलं. भिंतच.

"सरी," तो म्हणाला, जरा सुटल्यासारखा, जरा हिरमुसल्यासारखा.

तेवढ्यात अण्णा आले. चपला तर पायांत नव्हत्याच, तरी खुर्चीशी येऊन त्यांनी पाय झटकले, आणि मुलाला हातानंच सरक म्हटलं. एका बोटानं चालत निघाले. झोपाळा. स्वयंपाकघर. मागची भिंत. आणि भिंतीच्या जागी दार होतं. घाईत भरलेलं, जरा वाकडं. त्यांनी ते उघडलं, बाहेर डोकावलं, लावलं, आणि उठून जपाची माळ शोधायला गेले.

हयवदन बराच वेळ खुर्चीमागं उभा होता. नंतर त्यानं बटणाला हात लावला. भिंत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं आपल्या चपला अण्णांच्या चपलांशेजारी, खुर्चीच्या पायाशी ठेवल्या, आणि स्टूल ओढून वडिलांच्या बाजूला बसला. अण्णांनी त्याचं बोट धरून बटणावर ठेवलं, लहानपणी पाटीवर धरलं असेल तसं. दार दोघांनी मिळून उघडलं. सौम्या स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. नवऱ्याची पाठ हलताना तिनं पाहिली, आणि आत जाऊन उगाचच भांडी आवरली, कारण काही रडणं माणसाला एकट्यानं करू द्यावं.

तो गेम पुढं पुरा झाला. फारसा खपला नाही. किरणकुमार अजून बंदुकीचं विचारतो. हयवदन आता रात्री लवकर उठतो खुर्चीतून, आणि कधीकधी येताना गजरा आणतो. अण्णांचा असतोच, सकाळी सौम्याबरोबर बाजारात जातात तेव्हाचा. आता ते कुणासाठी घेतला हे विसरत नाहीत. दोन घेतात. एक सुनेला देतात, एक देवाच्या ताटलीत ठेवतात.

आणि सौम्या दिवेलागणीला मागचं दार लावते, रीतीप्रमाणं. फक्त त्याआधी ते पूर्ण उघडते. लोखंडी जिन्यावर, खालच्या काळोखात नीट बघते, आणि हलक्या आवाजात विचारते, "यायचं कुणी राहिलंय का?" थोडं थांबते. मग कडी घालते.

विचारताना ती आपले दोन्ही हात अगदी स्थिर धरून असते, स्वतःच्या बांगड्या वाजू नयेत म्हणून. आणि रोज, तिनं विचारल्यावर, बांगड्या एकदा वाजतात. काचेच्या, पाटल्यांवर. बाहेरून नाही. घराच्या आतून.